करणींची बेरीज-वजाबाकी जुळत नाही? कुठून तपासायला लागायचं

लक्षणं

करणींचं, म्हणजे √२, ∛५ अशा पूर्ण न सुटणाऱ्या मुळांचं, उदाहरण चुकलंय हे उत्तरसूची उघडल्यावर कळतंच. पण नेमकं काय बिघडलंय, ते उत्तराच्या तोंडावळ्यावरून बरंचसं ओळखता येतं. नेहमी भेटणारे प्रकार असे:

- उत्तर दिसायला वेगळं, किंमत मात्र तीच. तुमचं ५/√१०, सूचीत √१०/२.
- पदं एकत्र येतच नाहीत. √१२ + √७५ तसंच लिहून सोडून दिलेलं असतं.
- दोन मुळांचं एकच मोठं मूळ झालेलं असतं. √९ + √१६ चं √२५, किंवा ३√२ + ५√३ चं थेट ८√५.
- मूळ बरोबर, पण त्याला गुणणारी डावीकडची संख्या, म्हणजे सहगुणक, चुकलेला. ४√३ हवं तिथे ३√३.
- छेदातलं मूळ कितीही गुणलं तरी हटत नाही.
- नुसत्या संख्या असतात तोवर सगळं सुरळीत, क्ष आला की गाडी अडते.

यात प्रत्यक्ष बेरीज चुकल्याची उदाहरणं थोडी. दोष बहुधा एक पायरी आधी, करणी सोप्या रूपात आणताना शिरतो आणि बेरजेत उघडा पडतो. म्हणून शेवटच्या ओळीकडे टक लावून बसण्यात अर्थ नाही. खालच्या तपासण्या कमी कष्टाच्या आधी, जास्त कष्टाच्या नंतर, अशा लावल्या आहेत. त्याच क्रमाने जा.

पहिली तपासणी: दशांशात किंमत काढा

मिनिटभराचं काम, आणि निम्मं निदान इथेच होतं. कॅल्क्युलेटर नसेल तर एवढ्या किमती पुरतात: √२ ≈ १.४१४, √३ ≈ १.७३२, √५ ≈ २.२३६, √६ ≈ २.४४९, √७ ≈ २.६४६, √१० ≈ ३.१६२.

मूळ उदाहरणाची किंमत काढा, तुमच्या उत्तराची काढा, सूचीतल्या उत्तराची काढा. तिन्ही सारख्या आल्या तर चूक नाही, फक्त रूप वेगळं आहे. थेट चौथ्या, पाचव्या आणि सातव्या (छेदाच्या) तपासणीकडे जा. तुमची किंमत मूळ उदाहरणाशी जुळत नसेल तर चूक खरी आहे. आणि मूळ उदाहरणाशी तुमची जुळते, सूचीची जुळत नाही, असं झालं तर छपाईची चूक आहे. हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. अशा वेळी सूचीतलं उत्तर कसंही करून आणायच्या खटपटीत बरोबर पायऱ्या खोडल्या जातात.

चूक खरी असेल तर प्रत्येक ओळीची किंमत काढायची. ज्या ओळीत किंमत पहिल्यांदा बदलते, दोष त्या ओळीच्या आणि तिच्या वरच्या ओळीच्या मध्ये. हे एक उदाहरण:

ओळ १: २√२७ − √४८ + ६/√३
ओळ २: २√(९×३) − √(१६×३) + ६√३/३
ओळ ३: ५√३ − ४√३ + २√३
ओळ ४: ३√३

ओळ १ ची किंमत १०.३९२ − ६.९२८ + ३.४६४ = ६.९२८. ओळ २ चीही तीच. ओळ ३ ची ५.१९६. म्हणजे चौथ्या ओळीतली बेरीज निर्दोष आहे, घोटाळा दुसरीकडून तिसरीकडे जाताना झाला. फरक किती? ६.९२८ − ५.१९६ = १.७३२, नेमका एक √३. म्हणजे कुठलातरी सहगुणक एकाने कमी पडलाय. बघा: २√(९×३) मधून ९ चं मूळ ३ बाहेर आलं आणि आधीच्या २ मध्ये *मिळवलं* गेलं. ते *गुणायचं* असतं. २×३ = ६, आणि ६√३ − ४√३ + २√३ = ४√३.

फरकाला त्या मुळाने भागून पाहण्याची ही युक्ती फार कामाची आहे. भागाकार पूर्ण संख्या आला तर दोष सहगुणकात असण्याचीच शक्यता जास्त. वेडावाकडा दशांश आला तर करणीस्थ संख्याच, म्हणजे मुळाच्या आतली संख्याच, बदलली गेलीय असं समजून पुढे जा.

लांबलचक उदाहरण असेल तर प्रत्येक ओळ तपासायचीही गरज नाही. आधी मधली ओळ घ्या. ती बरोबर निघाली तर खालचा अर्धा भाग बघा, चूक निघाली तर वरचा.

दुसरी तपासणी: उदाहरण नीट उतरवलंय का

∛८ आणि ३√८ यांत फरक फक्त ३ किती बारीक आणि किती वर लिहिलाय एवढाच. पहिल्याची किंमत २, दुसऱ्याची सुमारे ८.४८५. घाईच्या अक्षरात हे दोन सर्रास अदलाबदल होतात.

तसंच मुळाच्या चिन्हावरची आडवी रेघ कुठवर गेली आहे ते पाहा. ती रेघ कंसाचं काम करते. √(९ + १६) म्हणजे ५. रेघ ९ वरच थांबली तर √९ + १६ म्हणजे १९. कॅल्क्युलेटरवर किंवा मोबाइलवर टाइप करताना ती रेघ नसते, म्हणून कंस आपल्यालाच द्यावा लागतो. पहिल्या तपासणीत किमतीच विचित्र आल्या तर आधी इथे शंका घ्या.

तिसरी तपासणी: मुळाच्या आत बेरीज केलीय का

गुणाकारात √अ × √ब = √(अब) चालतं (अ, ब ऋण नसतील तर), त्यामुळे हात आपोआप बेरजेतही तेच करायला जातो. √९ + √१६ = ३ + ४ = ७; √२५ = ५. का चालत नाही, ते वर्ग करून पाहिलं की दिसतं: (√अ + √ब)² = अ + ब + २√(अब). शेवटचं २√(अब) हे पद गिळलं तरच √(अ + ब) उरतं. ते पद शून्य व्हायला अ किंवा ब शून्य हवा. बाकी कुठल्याही धन संख्यांना हा नियम लागू पडत नाही, एखाद्या भाग्यवान जोडीलाही नाही.

याच कुटुंबातल्या आणखी दोन चुका. एक, ३ + २√५ चं ५√५ करणं. इथे ३ ला मूळच जोडलेलं नाही, ते वेगळं पद आहे. ३ + ४.४७२ = ७.४७२, आणि ५√५ जातं ११.१८० वर. दोन, √२ + √२ चं २ करणं. २ येतो तो गुणाकारात. बेरीज २√२.

चौथी तपासणी: प्रत्येक करणी खरंच सोप्या रूपात आहे का

इथे थोडा वेळ घालवा, कारण सगळ्यात जास्त उदाहरणं इथेच अडतात.

√७२ चं कोणी २√१८ करतं, कोणी ३√८. दोन्ही चूक नाहीत, दोन्ही अर्धवट आहेत. ७२ ला भागणारी सर्वांत मोठी पूर्ण वर्ग संख्या ३६, म्हणून ६√२. अर्धवट रूपाचं दुखणं असं की त्याची किंमत बरोबर असते, त्यामुळे दशांशाची तपासणी त्याला पकडत नाही. पण शेजारचं √५० हे ५√२ झालेलं असतं, आणि २√१८ + ५√२ हे 'एकत्र होत नाही' म्हणून तसंच सोडलं जातं. खरं उत्तर ११√२.

काम पूर्ण झालं की नाही हे ओळखायला सोपी कसोटी आहे. आत उरलेली संख्या १२१ पेक्षा लहान असेल तर तिला ४, ९, २५, ४९ या चारांनीच भागून पाहायचं. एकानेही भाग गेला नाही तर करणी सोप्या रूपात आहे. १६, ३६, ६४, ८१, १०० वेगळे बघायला नकोत, कारण त्यांनी भाग जाणाऱ्या संख्येला ४ ने किंवा ९ ने भाग जातोच. ४ साठी शेवटचे दोन अंक, ९ साठी अंकांची बेरीज, २५ साठी शेवटी ००, २५, ५०, ७५. राहता राहिला ४९. १२१ च्या खाली त्याचे पटीतले दोनच, ४९ आणि ९८. ९८ ला ४ नेही भाग जात नाही आणि ९ नेही, त्यामुळे √९८ कित्येकदा तसाच राहून जातो. तो ७√२ आहे.

संख्या मोठी असेल तर वर्ग शोधत बसू नका, मूळ अवयव पाडा. √१५६८ घ्या. १५६८ = २×२×२×२×२×७×७. वर्गमूळ असल्यामुळे जोड्या लावायच्या: दोनांच्या दोन जोड्या, सातांची एक. प्रत्येक जोडीतला एक बाहेर येतो, एकटा उरलेला २ आत राहतो. २×२×७ = २८, म्हणून २८√२. उलटा ताळा: २८×२८×२ = ७८४×२ = १५६८.

घनमुळात जोड्या नाही, *तिकड्या* लावायच्या. ∛१६ चं उत्तर ४ लिहिण्याची चूक पूर्ण वर्गाच्या सवयीतून येते. १६ मध्ये चार दोन आहेत. तीन मिळून एक २ बाहेर, एक आत: २∛२. तसंच ∛५४ = ३∛२, आणि दोघांची बेरीज ५∛२.

अपूर्णांक आणि दशांशही आधी सोपे करून घ्या. √०.५ म्हणजे √(१/२), म्हणजे √२/२. तो √८ ला जोडला की √२/२ + २√२ = ५√२/२. दशांशाच्या वेषात √२ लपलाय हे लक्षात आलं नाही तर ही बेरीज अशक्यच वाटते.

पाचवी तपासणी: करणी सजातीय आहेत का

सजातीय म्हणजे बेरीज होऊ शकणाऱ्या. त्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी सारख्या लागतात: करणीची कोटी (वर्गमूळ, घनमूळ की आणखी वरचं मूळ) आणि करणीस्थ संख्या. √२ आणि ∛२ यांत करणीस्थ संख्या तीच, कोटी वेगळी, किमती १.४१४ आणि १.२६०. जुळत नाहीत. पण कोटी वेगळी दिसली म्हणून लगेच हातही झटकू नका: ∜९ म्हणजे √३ च, कारण ९ हा ३ चा वर्ग आहे. म्हणून ∜९ + √१२ = √३ + २√३ = ३√३.

दोन वर्गमुळांपुरती झटपट कसोटी अशी: करणीस्थ संख्यांचा गुणाकार पूर्ण वर्ग आला तरच ती सजातीय. १२ × ७५ = ९००, म्हणजे ३० चा वर्ग; तेव्हा √१२ + √७५ चं २√३ + ५√३ = ७√३ होणारच. १२ × ५० = ६००, वर्ग नाही; √१२ + √५० चं २√३ + ५√२ करायचं आणि तिथेच थांबायचं. विजातीय करणी एकत्र न होणं हा दोष नाही, तेच उत्तर आहे.

ही कसोटी नवी नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात दिलेली करणींच्या बेरजेची रीत हिच्यावरच उभी आहे. करणीस्थ संख्यांची बेरीज म्हणजे 'महती'. त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट म्हणजे 'लघु'. दोन्ही मिळवून मूळ घ्या, बेरीज आली. वजा करून मूळ घ्या, वजाबाकी आली. √८ आणि √२ साठी महती १०, लघु २√१६ = ८. बेरीज √१८, वजाबाकी √२. आपल्या पद्धतीनेही २√२ + √२ = ३√२ = √१८. गुणाकाराचं मूळ निघत नसेल तर पदं वेगळी ठेवावीत, हेही तिथेच सांगून ठेवलंय. सहगुणक काढण्याच्या गोंधळात वारंवार सापडणाऱ्यांनी ताळा म्हणून ही रीत जरूर वापरावी, कारण तिच्यात सहगुणक येतच नाही.

सहावी तपासणी: चिन्हं आणि न दिसणारा १

कंसाआधी वजा असेल तर आतलं प्रत्येक चिन्ह बदलतं: −(√१२ − √२७) = −२√३ + ३√३ = √३. आणि एकट्या √३ चा सहगुणक १ असतो, ० नाही; ५√३ − √३ = ४√३.

सातवी तपासणी: छेद

५/√१० च्या अंश-छेदाला √१० ने गुणलं की ५√१०/१०, म्हणजे √१०/२. छेद परिमेय केल्याशिवाय, म्हणजे छेदातलं मूळ घालवल्याशिवाय, दोन उत्तरं सारखी आहेत का, किंवा दोन पदं सजातीय आहेत का, हे नजरेला कळत नाही. परिमेयीकरणाचा मुख्य उपयोग तोच.

'गुणलं तरी मूळ जात नाही' ही तक्रार असेल तर चुकीच्या गोष्टीने गुणलं जातंय. ४/(√७ − √३) ला पुन्हा (√७ − √३) ने गुणलं तर छेदात १० − २√२१ येतं, मूळ जिथल्या तिथे. अनुबद्ध जोडीतल्या दुसऱ्या करणीने, म्हणजे फक्त मधलं चिन्ह बदललेल्या (√७ + √३) ने गुणा. मधली पदं एकमेकांना छाटतात, छेद ७ − ३ = ४ होतो आणि उत्तर निव्वळ √७ + √३ राहतं.

घनमुळाला ही रीत लावू नका. १/∛२ ला ∛२ ने गुणलं तर छेदात ∛४ येतो. तिकडी पुरी व्हायला ∛४ ने गुणावं लागतं: ∛४/२.

आठवी तपासणी: अक्षरं आल्यावर

√(क्ष²) = क्ष हे क्ष ऋण नसेल तेव्हाच खरं. क्ष = −५ ठेवा: √२५ = ५, −५ नाही. बरोबर उत्तर |क्ष|, म्हणजे क्षचं केवल मूल्य. म्हणून √(क्ष²) + √(४क्ष²) = ३|क्ष|. 'सर्व चल धन आहेत' असं उदाहरणात लिहिलं असेल तर केवल मूल्याची चिन्हं टाळता येतात. ते वाक्य आहे का, हे आधी वाचा.

ती चिन्हं नेमकी कधी लागतात? कोटी सम, आतला घातांक सम आणि बाहेर आलेला घातांक विषम, असं तिन्ही जुळलं तर. √(क्ष⁶) = |क्ष³|, पण √(क्ष⁴) = क्ष². घनमुळात ही भानगडच नाही, ∛(क्ष³) = क्ष. आणि √(१२क्ष³) = २क्ष√(३क्ष) इथेही लागत नाहीत, कारण क्ष ऋण असता तर मूळ पद वास्तव संख्याच राहिलं नसतं.

√(क्ष² + ९) चं क्ष + ३ करणं ही तिसऱ्या तपासणीतलीच चूक, वेष बदलून आलेली. क्ष = ४ घ्या: डावीकडे ५, उजवीकडे ७. मात्र √(क्ष² − ६क्ष + ९) चं |क्ष − ३| होतं, कारण आत पूर्ण वर्ग आहे.

किंमत घालून ताळा करताना क्ष = ० किंवा १ घेऊ नका. ० घातला तर √(क्ष² + ९) = क्ष + ३ हेही खरं ठरतं; १ चा वर्ग, घन, मूळ सगळं १ च. एक धन आणि शक्य असेल तर एक ऋण किंमत घ्या.

कुठे थांबायचं आणि शिक्षकांना विचारायचं

वरच्या आठही तपासण्या झाल्या, तरी ओळी जुळत नसतील तर पुढे रेटू नका. खालच्या ठिकाणी तर सुरुवातीलाच थांबा.

*मुळात मूळ.* √(७ + ४√३) मध्ये आधी ४√३ चं √४८ करा. मग ७² − ४८ = १, पूर्ण वर्ग, म्हणून हे फुटतं: २ + √३. √(५ + √३) मध्ये २५ − ३ = २२, वर्ग नाही; दोन साध्या वर्गमुळांच्या बेरजेत हे मांडता येत नाही. एवढी कसोटी स्वतः लावावी, त्यापलीकडचं जाणकाराकडे न्यावं.

*घनमुळात वर्गमूळ.* ∛(२ + √५) + ∛(२ − √५) ची किंमत कॅल्क्युलेटरवर १ येते, आणि ती खरोखर १ च आहे. पण ते सिद्ध करायला त्रिघाती समीकरण मांडावं लागतं, सजातीय पदं गोळा करून जमत नाही.

*वर्गमुळात ऋण संख्या.* √(−४) × √(−९) ला √३६ = ६ लिहिलंत तर चूक; संमिश्र संख्यांत उत्तर −६ येतं. गुणाकाराचा नेहमीचा नियम इथे तुटतो. संमिश्र संख्या शिकून झाल्या नसतील तर हात लावू नका.

*फार जवळच्या किमती.* √१० + √११ आणि √५ + √१८ यांची तीन दशांश स्थळांपर्यंत किंमत सारखीच येते, ६.४७९. तरी ती समान नाहीत: पाच स्थळांपर्यंत पहिली ६.४७८९०, दुसरी ६.४७८७१. किमती जुळल्या म्हणून उत्तर सिद्ध झालं असं नाही; न जुळल्या तर मात्र ते चूक हे नक्की. समानता सिद्धच करायची असेल आणि बीजगणिताने ती दिसत नसेल, तर आणखी दशांश काढत बसण्याऐवजी विचारा.

विचारायला जाताना कोरं उदाहरण नेऊ नका. छापील प्रश्न जसाच्या तसा, ओळींना क्रमांक, प्रत्येक ओळीसमोर तिची दशांश किंमत, आणि जिथे किंमत पहिल्यांदा बदलली त्या ओळीवर खूण. सगळ्या ओळींची किंमत एकच असेल आणि फक्त सूचीशी जुळत नसेल, तर तसं लिहा आणि सूचीतल्या उत्तराची किंमतही शेजारी मांडा.